कुंदनच्या नावानं

नानांना पहिल्या रांगेत बसवलं, तिथंच बिनसलं.

एक्क्याण्णव सालचा मे. गोदाकाठच्या व्याख्यानमालेत त्या संध्याकाळी परिसंवाद होता: लंकेत आपलं सैन्य गेलं ते बरोबर की चूक. एका बाजूला निवृत्त मेजर, दुसऱ्या बाजूला इतिहासाचे प्राध्यापक गर्गे. शहिदाचा बाप समोर असला तर कार्यक्रमाला वजन येईल असं आयोजकांपैकी कुणाला तरी वाटलं आणि त्यांना मखमलाबाद रस्त्यावरचे गेणू विधाते, म्हणजे नाना, सापडले. फुलांचा मळा, चार बिघे जमीन, आणि धाकटा मुलगा कुंदन सत्त्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात जाफन्याच्या लढाईत मारला गेलेला. प्रेत आलं नाही. तिकडेच दहन झालं, राखेचा कलश घेऊन पलटणीतला एक जवान आला होता.

नानांनी परीटघडीचं धोतर नेसलं. सोबतीला थोरली लेक उज्वला होती. ती नांदगावला शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुटीला माहेरी आली होती. आयोजकांनी नानांना शाल दिली, नारळ दिला, आणि मग त्यांच्या डोक्यावरून भांडण सुरू झालं.

गर्गे चांगले बोलले, हे उज्वलालाही नाकारता आलं नाही. आपण शांतिसेना म्हणून गेलो, ते म्हणाले, आणि थोड्याच दिवसांत ज्यांच्यासाठी गेलो त्यांच्यावरच तोफा रोखून बसलो. घरासमोर परक्या देशाचा बंदूकवाला उभा राहिला की घरातला माणूस त्याला पाहुणा म्हणत नाही. तो त्याला ताबा म्हणतो, आणि ताब्याला कधी ना कधी उत्तर देतो. इथवर श्रोते कुरकुरत का होईना, ऐकत होते. मग गर्ग्यांनी आवाज चढवला.

"हजाराहून जास्त पोरं आपण तिथं फुकट घालवली. फुकट."

मेजर ताडकन उठले. जवानाच्या रक्ताचा एक थेंबही फुकट जात नसतो, म्हणाले. मागून शिट्ट्या झाल्या, कुणीतरी गर्ग्यांना लंकेचं तिकीट काढून द्यायला सांगितलं, आणि एक चप्पल भिरभिरत येऊन नानांच्या पायाशी पडली. नानांनी ती उचलली, तिची माती झटकली आणि खुर्चीखाली नीट ठेवून दिली, जसा काही मालक मागायला येणार होता.

परतताना पुलावर नाना म्हणाले, "फुकट म्हनला ना तो?"

"हो," उज्वला म्हणाली. ती स्वतः फार आधी त्याच निष्कर्षाला आली होती. पण तो एकटीनं सोसायचा निष्कर्ष होता. पोराच्या बापाला शाल पांघरून समोर बसवायचं आणि मग टाळ्यांसाठी तो शब्द दोनदा म्हणायचा, याला तिच्याकडे एकही सभ्य शब्द नव्हता. मेजरांसाठीही नव्हता. थेंब मोजणाऱ्याला त्यातला एकही द्यावा लागला नव्हता.

आठवडा गेला आणि श्रीपेरंबुदूरची बातमी आली. निवडणुकीच्या सभेत बॉम्ब, आणि लंकेत सैन्य धाडणारे माजी पंतप्रधान ठार. संशयाचं बोट लगेच लंकेकडे गेलं. शहर बंद झालं. जो तो रेडिओला कान लावून, आणि चहाच्या टपरीवर पुन्हा तोच परिसंवाद, फक्त आता बोलणाऱ्यांच्या मुठी वळलेल्या. गर्गे म्हणाले होते तसं उत्तर मिळालं, असं कुणीतरी पारावर म्हणालं तर त्याची कॉलर धरली गेली.

गुरुवारी झुंबरअण्णा मळ्यात आले. वॉर्डातलं वजनदार माणूस, मागे दोन मोटरसायकली. खाटेवर बसून त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. रविवारी सकाळी निषेध मोर्चा काढायचा. उघड्या जीपमध्ये पुढं नाना उभे राहतील, जीपला कुंदनचा रंगवलेला मोठा बोर्ड लावू. पहिल्यांदा त्या गर्ग्याच्या दारात जाऊन त्याच्या तोंडाला काळं फासायचं. मग सिडको. तिथं एक मद्रासी इडलीची गाडी लावतो, त्याला जरा समजावायचं.

"त्यानं काय केलं?" उज्वलानं विचारलं.

अण्णा हसले. "ताई, तुम्ही शिकलेल्या. केलं नसंल त्यानं. पर त्याच्या जातभाईंनी तर केलं ना?"

ती गाडी उज्वलाला माहीत होती. मुरुगेसन अंबडच्या एका कारखान्यात फिटर होता, सकाळची गाडी त्याची बायको सेल्वी चालवायची. फूलबाजारात आईकडून सुटा मोगरा घ्यायची आणि तिथंच उभ्या उभ्या सुई न घेता, नुसत्या दोऱ्याच्या गाठी मारत गजरा पुरा करायची. आई तिला "बिनसुईची" म्हणायची. जाफना कुठं आहे, हे सेल्वीला मखमलाबादच्या पोरांपेक्षा जास्त माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

नानांनी विचारलं, "बोर्ड केवढा व्हईल?"

"दोन पुरुष उंच, नाना. खाली लिहू, कुंदनचं रक्त वाया जाणार नाही."

"येतो मी," नाना म्हणाले. भिंतीवरचा फोटो उतरवून त्यांनी स्वतःच अण्णांच्या हातात दिला. जाताना अण्णांनी हारांची ऑर्डरही सांगितली. फुलं तुमच्याच भाऊबंदांच्या मळ्यांतली हवीत, शहिदाच्या मातीतली.

उज्वलानं दोन दिवस नानांशी वाद घातला. मऊपणानं घातला, मग चिडून घातला. म्हणाली, तुम्ही जीपमध्ये उभे राहिलात की मागचे जे करतील ते कुंदननं केल्यासारखं होईल. नाना काकरीत पाणी धरत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले की त्या मास्तरनं हजार माणसांत माझ्या पोराला फुकट म्हटलं, तेव्हा तुझं शिक्षण कुठं गेलं होतं.

शनिवारी दुपारी ती गर्ग्यांकडे गेली. निदान उद्या घरी थांबू नका एवढं सांगायला. गर्गे घाबरले नाहीत, उलट खुलले. पोलिसांना कळवलंच आहे, म्हणाले, पण तुम्ही आलात हे फार मोलाचं आहे. वर्तमानपत्रात एक निवेदन द्यायचंय, त्यावर शहिदाच्या बहिणीचं नाव आलं तर चर्चेची दिशाच बदलेल. ते कागद शोधू लागले. भिंतभर पुस्तकं होती आणि खिडकीत वाळ्याचा पडदा. ती उभीच राहिली.

"सर, तुमच्यात आणि झुंबरअण्णांत फरक एवढाच, की त्यांनी फोटो मागितला आणि तुम्ही सही मागताय."

गर्ग्यांचा चेहरा पडला, आणि तिला त्याचं बरं वाटलं. रस्त्याला लागल्यावर मात्र ते बरं वाटणं टिकलं नाही. कुंदन फौजेत गेला तो अंबडला नोकरी लागली नाही म्हणून. कुणाच्या मुद्द्यासाठी गेला नव्हता.

संध्याकाळी आई, कुसाबाई, ओट्यावर फुलांच्या वेताच्या पाट्या झटकत बसली होती. गलांडा आणि मोगरा पहाटे खुडायचा, म्हणजे आठ वाजेपर्यंत हार होतील. उज्वला तिच्याशेजारी बसली. विधात्यांच्या भाऊकीत एक रीत होती. घरात माणूस गेलं की बांधावर पाटी पालथी घालायची. पालथी पाटी दिसली की त्या दिवशी भाऊकीतल्या एकाही मळ्यात खुडा नाही, फूल विकायचं नाही, द्यायचं नाही. सगळ्यांनी येऊन बसायचं, आणि ज्याचं माणूस गेलं त्या घरच्या कर्त्या पुरुषानं दिवस मावळेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. पाटी उताणी करायची ती घरातल्या बाईनंच. ही रीत मोडायची कोणा पुढाऱ्याची छाती नव्हती.

उज्वलानं हे सगळं मनात मांडून ठेवलं होतं, एखादा प्रयोग मांडावा तसं. नाना उंबऱ्याआत राहतील, हार होणार नाहीत, जीप रिकामी जाईल. फक्त आईला कसं सांगायचं, एवढंच उरलं होतं.

"आई, कुंदनच्या वेळी पाटी पालथी घातली होती का गं?"

कुसाबाईचा हात थांबला.

"नाय," ती म्हणाली. "तार आली तवा दिवाळी सरली व्हती. भाऊकी म्हनली, मयत नाय दारात, मंग पाटी कशाला." मग म्हणाली, "ज्या दिशी त्यो गेला त्या दिशी मी झेंडू खुडत व्हते. दिवाळीचा भाव आला म्हनून हसत व्हते."

उज्वलाला पुढचं काही सांगावं लागलं नाही, आणि त्याचीच तिला लाज वाटली. आईनं पहाटे उठून अंघोळ केली, बांधावर जाऊन पाटी पालथी घातली आणि त्या पाटीशेजारी मांडी घालून बसली. उज्वलाला डाव खेळायचा होता. आई डाव खेळत नव्हती.

उजाडता उजाडता भाऊकी जमली. साळूबाई काकी धावतच आली, कोण गेलं, कोण गेलं करत. कुसाबाई म्हणाली, कुंदन. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. एक चुलता म्हणाला, वहिनी, चार वर्सं झाली. कुसाबाई म्हणाली, चार वर्सं पाटी ऱ्हायली व्हती. मग साळूबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती खाली बसली. तिच्यामागोमाग बाकीच्या.

नाना आतून परीटघडीच्या धोतरात उंबऱ्यापाशी आले. पाटी बघितली, माणसं बघितली, आणि लेकीकडे वळले.

"तुझं काम हे."

"आईचं आहे," उज्वला म्हणाली. "मी फक्त विचारलं."

"माझ्या पोराचा मान हुता आज. येक दिवस हुता. त्यो बी खाल्ला तुमी." त्यांचा आवाज फुटला. पाऊल उचललं होतं, पण त्यांनी उंबरा ओलांडला नाही.

जीप आली तेव्हा ऊन चढलं होतं. बोर्ड खरोखरच दोन पुरुष उंच होता. पेंटरनं कुंदनला मिशा दिल्या होत्या. त्याला कधीच नव्हत्या. डोळे लाल रंगवले होते आणि बंदूक बघणाऱ्याच्या छातीवर रोखली होती. कुंदनचा फोटो स्टुडिओतला, हात गुडघ्यावर ठेवून बसलेला.

अण्णांनी पाटी पाहिली आणि पायातल्या चपला काढल्या. रीत त्यांनाही ठाऊक होती. हळू आवाजात म्हणाले, नाना, तुम्ही बसा, आम्ही बोर्ड घेऊन जातो, पोरं खोळंबली आहेत. नाना त्या बोर्डाकडे बघत राहिले.

"ह्यो कोन?" नाना म्हणाले.

"कुंदन ना, नाना."

"ह्यो माझा पोरगा नाय. उतरवा."

अण्णा हसून समजूत घालायला लागले, तर नाना उंबऱ्यावरूनच भाऊकीच्या पोरांना हाक मारून म्हणाले, ह्येंच्याकडून जमत नसंल तर तुमी उतरवा. चार जणांनी दोऱ्या सोडल्या. बोर्ड धाडकन जमिनीवर आला. अण्णांच्या मागचा एक पोरगा म्हणाला, म्हाताऱ्याला मद्रासी इडली गोड लागते वाटतं. त्याला अण्णांनीच गप्प केलं. पण जीप वळली ती सिडकोच्या बाजूला.

सेल्वीची गाडी त्यांनी उलटी केली. स्टोव्ह, पातेली, सांबार सगळं रस्त्यावर. मुरुगेसनच्या कपाळाला टाके पडले. गर्ग्यांच्या घरापुढं पोलीस होते, म्हणून तिथं नुसत्याच घोषणा झाल्या. कुसाबाईनं दिवस मावळताना पाटी उताणी केली, तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं.

सोमवारी चौकातून पेपर आला. आतल्या पानावर बातमी होती. उज्वलानं आधी मनात वाचली आणि घडी घालून ठेवायला निघाली. नाना म्हणाले, वाच. तिनं वाचलं. शहीद कुंदन विधाते यांचे वडील गेणू विधाते यांच्या उपस्थितीत मोर्चा निघाला, त्यानंतर संतप्त जमावानं एका परप्रांतीयाच्या गाडीची मोडतोड केली. बातमी बहुधा शनिवारीच लिहून ठेवली होती, मोडतोड नंतर जोडली होती.

नानांनी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. मग टोपी घातली.

"कुठं ऱ्हातो त्यो मद्रासी?"

"मुरुगेसन नाव आहे त्यांचं."

"कुठं ऱ्हातो?"

सिडकोतल्या त्या गल्लीत शिरल्यावर बायका दारं लोटून घेऊ लागल्या. मुरुगेसनचं दार बंद होतं. उज्वलानं कडी वाजवली. खिडकीची फळी बोटभर उघडली आणि आत पट्टी बांधलेलं कपाळ दिसलं. तिनं सांगितलं, हे गेणू विधाते, कुंदनचे वडील.

फळी बंद झाली. आतून अडसर सरकल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड ओढून दाराला लावल्याचा. एक लहान मूल रडायला लागलं आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबलं.

उज्वलाचा सगळा संताप उसळून आला आणि तिथं कुणीच नव्हतं ज्याच्यावर तो काढावा. पेपरवाला नाही, अण्णा नाही, गर्गे नाही, दिल्लीतली माणसं तर नाहीतच. समोर फक्त हिरवं दार होतं, आणि दारामागं तिच्या भावाच्या नावाला भ्यालेली माणसं.

तिनं पुन्हा कडीला हात घातला. नानांनी तो धरून खाली घेतला.

"नको. भ्यालं लेकरू."

"मग सांगायचं कसं त्यांना, की तुम्ही गेला नव्हतात?"

"जीपमधी नव्हतो," नाना म्हणाले. "हो तर म्हनलोच हुतो की."

ते वळले आणि गल्लीतून चालू लागले, दोन्ही बाजूंच्या बंद दारांकडे न बघता. त्यांच्या मागून चालताना उज्वलानं हातातला पेपर फाडला, पुन्हा फाडला, आणि तुकडे टाकायला जागा मिळेना म्हणून मुठीत तसेच धरून ठेवले.