डोळ्यांना काय ठाऊक

मनकर्णा नागपूरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते म्हणजे नेमकं काय शिकते, हे गावात कुणालाच उमगत नव्हतं. वडशापासून तीन कोसांवरच्या त्या गावातून शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. कुणी विचारलंच तर तिचे वडील, रामाजी, पागोटं सावरत सांगत, "मोठेमोठे सवाल शिकून राह्यली पोरगी."

"अन् जवाब?"

"ते पुढच्या सालच्या पुस्तकात असन."

सत्तावन्न सालच्या नाताळच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा असाच एक सवाल तिच्या मानगुटीवर बसलेला होता. प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं होतं की पावणेतीनशे वर्षांपूर्वी आयर्लंडातल्या एका गृहस्थाने आपल्या मित्राला पत्रातून विचारलं: जन्मापासून आंधळा असलेला माणूस हाताने चाचपून गोळा कोणता आणि चौकोनी ठोकळा कोणता ते अचूक सांगतो. उद्या त्याला दृष्टी आली आणि दोन्ही वस्तू समोर ठेवल्या, तर हात न लावता, नुसतं पाहून तो ओळखेल का?

वर्गात नुसता कल्ला झाला. मनकर्णा उठून तावातावाने म्हणाली होती, "ओळखणारच! गोल तो गोलच. हाताला कळला तो डोळ्याला का कळणार नाही?" प्राध्यापक हसले होते, आणि त्या हसण्याने तिची झोप उडवली होती.

आणि गावात पाऊल टाकताच तिला सुकरी आठवली.

सुकरी पलीकडच्या गोंड टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची. मनकर्णापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, जन्मतःच डोळ्यांच्या बाहुल्या दुधासारख्या पांढऱ्या. पण हात असे, की तिने टाचलेल्या पत्रावळीतून वरणाचा थेंब गळत नसे. लहानपणी मनकर्णा तिच्याजवळ बसूनच पानं टाचायला शिकली होती.

त्याच आठवड्यात वडशाला डोळ्यांचं शिबिर भरणार होतं. नागपूरचे डॉक्टर मोतीबिंदू काढणार, अशी दवंडी पिटली होती. मनकर्णा तडक टोल्यावर गेली.

"सुकरीबाई, चल. दाखवून तर पाहू."

पानं टाचणारे सुकरीचे हात थांबले नाहीत. "एवढी वर्सं कोनाले घाई नव्हती. आता तुले काऊन?"

मनकर्णाचे कान तापले. खोटं बोलणं सोपं होतं, पण सुकरीला आवाजातलं खोटं लगेच कळायचं. तिने सगळं सांगून टाकलं: तो सवाल, तो वर्ग, स्वतःचा हट्ट.

सुकरीने हातातली पत्रावळ पुरी करून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मंजे माह्या डोळ्यानं तुहा सवाल सुटते."

"तुला नको असेल तर..."

"येतो मी. पन तुह्यासाठी नाई. लोक म्हंतेत, दुरूनच कळते. हात नाई लावला, आवाज नाई आला, तरी कळते. हे कसं होते, ते मले एकदा पाहाचं हाय."

शिबिर नाटकाच्या मंडपात होतं. प्रयोगांमधल्या रिकाम्या दिवसांत तिथे रोग्यांसाठी भाताचं तणस अंथरलं होतं. डॉक्टरांनी सुकरीच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, बाजूला नेली, पुन्हा आणली. तिला दर वेळी उजेड कुठून येतो ते सांगता आलं.

"म्हणजे आशा आहे," ते म्हणाले. "पण जन्माचा मोतीबिंदू आहे, बाई. काय दिसेल, किती दिसेल, मी वचन देत नाही."

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. नऊ दिवस सुकरी मान न हलवता पडून राहिली. मनकर्णाने तिला पेज भरवली. लटारू सुताराकडून तिने सागाचा एक गोळा आणि तेवढाच ठोकळा करून घेतला होता. ते दोन्ही पिशवीत होते, आणि त्या पिशवीकडे बघायची आता तिला लाज वाटत होती.

दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली आणि जाड भिंगाचा चष्मा चढवला.

सुकरी किंचाळली. दोन्ही हात तोंडापुढे धरून मागे सरकली. "सारं आंगावर येऊन राह्यलं! डोळ्याले लागून राह्यलं!"

"काय दिसतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सारंच. पन काय हाय ते नाई कळत."

मग तिची नजर समोर धरलेल्या त्या दोन काळ्या, बोटं-बोटं फुटलेल्या गोष्टींवर थांबली. ती श्वास रोखून पाहत राहिली. त्यातलं एक वळवळलं.

"हे कोन हालवून राह्यलं?"

मनकर्णा पुढे वाकून म्हणाली, "तूच, सुकरीबाई. तुझे हात आहेत ते."

सुकरीने बोटं मिटली, उघडली. पुन्हा मिटली. ज्या हातांनी तिने आयुष्यभर जग ओळखलं, तेच तिला ओळखू आले नव्हते.

मनकर्णाने पिशवी उघडली नाही. तासाभराने सुकरीच म्हणाली, "आन तुह्या त्या दोन वस्तू."

तिने दोन्ही चटईवर ठेवल्या. सुकरीने मान वाकवून पाहिलं, तिरकं पाहिलं. कपाळावर घाम आला.

"एकावर उजेड पसरला हाय. दुसऱ्यावर तुकडे-तुकडे हाय. पन गोल कोनता, नाई सांगता येत. हात लावू दे."

डोळे मिटून तिने हात पुढे केला आणि बोट टेकताच म्हणाली, "हा गोळा." मग गोळा तसाच हातात धरून तिने डोळे उघडले आणि तोंड वासून पाहत राहिली. "हाच? गोल असा दिसते?"

आपण हरलो, हे मनकर्णाच्या ध्यानातही आलं नाही. एवढी वर्षं आपण नुसत्या डोळ्यांनी पाहतो असं समजत होतो. कुणीतरी आपल्यालाही पाळण्यात पडल्या-पडल्या हे सगळं शिकवलं असणार, आणि आपण ते शिकणं साफ विसरून गेलो! मंडपाचे बांबू, तणस, सुकरीचा चेहरा, सगळं तिला क्षणभर अनोळखी वाटलं.

नागपूरला परतल्यावर तिने वर्गात उभं राहून सगळं सांगितलं. या वेळी कुणी कल्ला केला नाही. प्राध्यापकांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा सांग. हाताचं पुन्हा सांग."

होळीला ती घरी आली. सुकरी आता पाहून बरंच काही ओळखत होती, मात्र अंगणात चालताना डोळे मिटूनच चाले. "उघडे ठेवले का ठेचा लागतेत," ती हसून म्हणाली. टोल्याबाहेर पळस पेटला होता. झाडाखाली बसून तिने एक फूल तळहातावर घेतलं.

"याले लहानपनापासून ओळखतो मी. मऊ, वाकडं, वास नाई. याच्यात एवढं लाल भरलं होतं, अन् माह्या हाताले कधी लागलंच नाई." तिने डोळे मिटले. "आता फूल हातातच हाय. पन मनू, लाल कुठी गेलं?"

मनकर्णाच्या वहीत या प्रश्नावर चांगली अकरा पानं होती. पण खाली पडलेलं एक फूल उचलून तिनेही डोळे मिटले.