हलवल्यावर वाजता कामा नये

सदतीस वर्षं त्याने काचसामान बांधलं. कारखान्यात सगळे त्याला 'पेटीवाले' म्हणत आणि निवृत्त झाल्यावर शेजाऱ्यांनीही तेच उचललं. त्याच्या हातून गेलेली बरणी, दिवा, आरसा, काहीही फुटून परत आलं नव्हतं. नियम एकच होता. पेटी बांधून झाली की कानाशी धरून हलकेच हलवायची. वाजली, तर उघडून पुन्हा बांधायची.

बायको या नियमाची रोज थट्टा करायची. सकाळी जेवणाचा डबा त्याच्या हातात देण्याआधी ती तो कानाशी धरून हलवायची आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "जाऊ द्या, पास आहे." तिला जाऊन चौदा महिने झाले होते.

आता घरात मुलगी आली होती आणि तिचा एकोणीस दिवसांचा मुलगा. जावई कामासाठी दीड महिना परगावी होता, म्हणून ती वडिलांकडे राहायला आली. घरात आवाज सुरू झाला. पेटीवाल्याला तो आवडला होता, पण आवाज थांबत नव्हता, ही अडचण होती. पोर वीस मिनिटं झोपायचं. मग कुणीतरी पायरीवरून ढकलल्यासारखे त्याचे दोन्ही हात वर उडायचे आणि आपल्याच हातांना घाबरून ते घर डोक्यावर घ्यायचं. मुलगी इतकी दमली होती की एकदा तिने चष्मा साबणदाणीत ठेवला आणि साबण घेऊन बाहेर आली.

"सासूबाईंचा फोन होता," बुधवारी ती म्हणाली. "म्हणतात, माझ्याकडे ये. चार मुलं झोपवलीत मी."

"मग?"

"रविवारपर्यंत बघू बाबा. नाहीच झोपला तर जाते. तुम्ही एकटे काय काय करणार? माझी बॅग तेवढी भरून ठेवा, तुमच्यासारखी कुणाला जमत नाही."

चोवीस कपबशांचा संच बारा मिनिटांत बांधणाऱ्या माणसाला ती एक बॅग भरायला दोन दिवस लागले.

शुक्रवारी सकाळी मुलगी आंघोळीला गेली, तेव्हा तो पाळण्याशी उभा राहून पोराकडे धंद्याच्या नजरेने बघत होता. झोपलेल्या पोराचे हात पुन्हा उडाले. तेव्हा दोष त्याच्या ध्यानात आला. माल सैल होता.

त्याने जाड लोकरीचं पांघरूण घेतलं, पोराचे पाय नीट सरळ केले, तीन वेढे दिले, कोपरे आत दाबले. काम बघण्यासारखं झालं होतं. मग सवयीने त्याने ते गाठोडं उचललं आणि कानाशी नेलं. हलवायच्या आतच तो भानावर आला. आत आवाज होता, श्वासाचा. त्याने पोराला अलगद खाली ठेवलं. मग एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहिलं, 'ही बाजू वर', आणि तो पाळण्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटवला.

तेवढ्यात नेहमीच्या तपासणीला नर्सबाई आल्या. त्यांनी पाळण्यात पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि वेढे सोडायला लागल्या.

"आजोबा, हे पार्सल कुठे पाठवायचंय?"

"कुठेच नाही," तो म्हणाला. "म्हणूनच बांधलंय."

आतून पोर घामेजलेलं, लालबुंद निघालं. पेटीवाल्याचा चेहरा उतरला. सदतीस वर्षांत पहिलाच माल परत आला होता.

"हात लावून बघा, मान किती तापलीय," नर्सबाई म्हणाल्या. "लोकर नको. पातळ सुती कापड घ्या, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आणि पाय असे सरळ आवळायचे नाहीत, खुब्याचे सांधे बिघडतात. बेडकासारखे दुमडू देत, लाथा मारू देत."

"पण मग हलणार."

"हलू दे की. तुम्हाला हात तेवढे आवरायचेत. छातीपाशी तुमचा पंजा आत जाईल एवढी जागा ठेवा. कापड खांद्याच्या खाली, तोंडावर सरकता कामा नये. पाळण्यात दुसरं काही नको, उशी नको, खेळणं नको." मग त्यांची नजर पुठ्ठ्यावर गेली. "हे कुणाचं काम?"

त्याने पुठ्ठ्याचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.

"हे राहू द्या. तुम्ही केलेलं एवढं एकच बरोबर आहे. झोपवायचं ते पाठीवरच. आणि कुशीवर वळायची धडपड करायला लागला, की गुंडाळणं त्या दिवसापासून बंद."

"म्हणजे नोकरी किती दिवसांची?"

"महिना, दीड महिना. पुढे तुम्ही पुन्हा निवृत्त."

पातळ, मऊ झालेली सुती चादर घरात एकच होती. ती बायकोची. कपाटाच्या मधल्या खणात चौदा महिने तिच्या हातच्या घडीत पडून होती. तो बराच वेळ कपाटाचं दार धरून उभा राहिला. मग त्याने कात्री आणली आणि सरळ रेषेत तिचे चार चौकोन कापले. धुऊन वाळत घातले.

शनिवारी मुलगी स्वयंपाकघरात आली, तर बाबा टेबलावर साखरेची दोन किलोची पिशवी गुंडाळत होते.

"पाय मोकळे," ते पिशवीला सांगत होते.

"बाबा, तुम्ही झोपलात का काल?"

"मी झोपलो. साखर कुरकुरत होती."

रविवारी दुपारी विहीणबाई आल्या त्या एका काखेत उशी आणि दुसऱ्या काखेत दुलई घेऊनच. भरलेली बॅग दाराशी होती. पोर रडत होतं.

"अहो, पाळण्यात काही म्हणजे काही नाही," त्या म्हणाल्या. "फळीवर झोपवता की काय माझ्या नातवाला?"

"विहीणबाई, पेटीत सुटं काही ठेवायचं नसतं. उशी तुमच्याकडेच असू द्या."

"ऐकलंस ग? पेटी म्हणे."

"आई, एकदा बांधू द्या त्यांना," मुलगी म्हणाली. "मग निघू."

पेटीवाल्याने चौकोन पसरला, वरचा कोपरा दुमडला. एक हात आवरला, मग दुसरा. छातीपाशी पंजा घालून पाहिला. खालचं टोक सैल वळवलं.

"पाय सुटलेत तुमचे," विहीणबाई म्हणाल्या.

"माझे नाहीत, त्याचे. आणि सुटेच ठेवायचे असतात."

त्याने पोराला पाठीवर ठेवलं. रडणं कुरकुरीवर आलं, मग तेही गेलं. तिघं तिथेच बसून राहिली. विसाव्या मिनिटाला पोर दचकलं. हात उडायला निघाले, कापडाला लागले आणि जागच्या जागी थांबले. पायांनी दोन लाथा मारल्या. डोळे उघडले नाहीत.

पाऊण तासाने विहीणबाई कुजबुजल्या, "माझी चार अशी झोपली असती, तर आज माझे गुडघे जागेवर असते." मुलगी खुर्चीतच झोपली होती. थोड्या वेळाने विहीणबाईंनी आणलेली उशी स्वतःच्याच मानेखाली घेतली. पेटीवाला अधूनमधून उठून पोराच्या मानेला हात लावत होता आणि पुन्हा बसत होता.

मुलगी जागी झाली तेव्हा सव्वाचार वाजले होते. तिने पाळण्यात पाहिलं, सासूकडे पाहिलं, दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं.

"बाबा, माझा टॉवेल काढून द्या ना. आंघोळ करते."

"टॉवेल तळाशी आहे," तो म्हणाला. "सगळंच काढावं लागेल."

"मग काढा."

त्याने बॅग उघडली. आयुष्यभर त्याने फक्त बांधायचं काम केलं होतं, उघडणारे नेहमी दुसरेच कुणीतरी असायचे. एकेक झबलं बाहेर काढून तो ते कपाटाच्या मधल्या खणात लावत गेला. तो खण रिकामाच होता.