रेघेखाली बसलेली मुलगी

मूल एका जागी स्वस्थ बसलं की घर, समाज आणि राष्ट्र या तिघांचीही प्रगती होते, असं श्यामकांत तळपदे यांचं विचारपूर्वक बनलेलं मत होतं. त्यांच्या नऊ वर्षांच्या उर्मिलेमुळे ते आजवर नुसतं मतच राहिलं होतं. ठाकूरद्वारच्या त्यांच्या चाळीत ही मुलगी जेवतानासुद्धा अर्धी उभी असायची. लंगडीत तिला बाद करता करता दोन गल्ल्यांतल्या पोरी थकल्या होत्या.

जानेवारी छप्पनमध्ये सरकार तळपद्यांच्या मदतीला आलं. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही, हे रेडिओवर ऐकलं आणि गिरगाव रस्त्यावर उतरलं. त्याला परत घरात पाठवायला कर्फ्यू लागला. शाळा बंद झाल्या.

तळपदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. वरचा हुकूम म्हणजे नुसता सांगाडा. त्याच्यावर पोटनियमांचं मांस चढवल्याशिवाय त्यात जीव येत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. घराबाहेर पडू नका, एवढंच सरकार म्हणालं होतं. तळपद्यांनी खडू घेतला आणि रस्त्याकडच्या खिडकीची खालची चौकट जिथे होती, त्या उंचीवर खोलीच्या चारी भिंतींना रेघ ओढली.

"या रेघेच्या वर कुणाचं डोकं जाता कामा नये. समजलं?"

"म्हणजे आमटी मी रांगत ढवळू?" त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"स्टोव्ह खाली घ्यायचा."

"आधी तुमचं टक्कल खाली घ्या. लांबून चमकतं."

उर्मिलेने पहिला दिवस नियम मोडण्यातच घालवला. "उर्मे, रेघ!" असं तळपदे ओरडायचे, ती टुणकन बसायची आणि पुन्हा टुणकन उठायची. तळपदे स्वतः मात्र रेघ ओढल्यापासून घरात वाकूनच वावरत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली आरडाओरड झाली. पळणाऱ्या पावलांचा आवाज आला आणि मागोमाग ते दुसरे आवाज. फटाक्यांसारखे नव्हते ते. फटाका फुटल्यावर पोरं ओरडतात. हे फुटल्यावर अख्खी गल्ली गप्प झाली. उर्मिला त्या वेळी खिडकीशी उभी होती. समोरच्या चाळीच्या गॅलरीत कठड्यावर उपडं घातलेलं पितळेचं पातेलं एकदम उडालं, लादीवर आपटलं आणि गोल गोल फिरत राहिलं.  पातेल्याला भोक पडलं होतं. गोळी कुणाची, कुणासाठी होती, हे कुणालाच कळलं नाही. एरवी त्या पातेल्याशेजारी उर्मिलेची मैत्रीण शांता वेणी घालत बसायची. त्या दिवशी ती केस धुवायला आत गेली होती.

उर्मिला खाली बसली.

बसली ती बसलीच. भिंतीला पाठ, गुडघे पोटाशी, डोकं रेघेच्या बरंच खाली. मोरीत जायचं तर बुडावर सरकत. संध्याकाळी तळपदे समाधानाने म्हणाले, "शिस्त लागते हो. लावणारा पाहिजे." दुसऱ्या दिवशी ते असं म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिचं ताट त्यांनी स्वतःच पुढे सरकवलं आणि तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले.

मग दोन तासांसाठी कर्फ्यू उठला. चाळीतली पोरं गडगडत जिना उतरली. शांता दारात येऊन उभी राहिली.

"उर्मे, चल ना. राज्य तुझ्यावर आहे."

उर्मिलेने मान हलवली.

"अगं, जा," तळपदे म्हणाले. "आता बंदी नाही. सरकारने सांगितलंय."

"गोळीला सांगितलंय?"

तळपद्यांनी पोटनियम बाजूला ठेवले. त्यांनी तिला बगलेत धरून उचललं. तिचे पाय पिळलेल्या फडक्यासारखे लोंबत राहिले आणि सोडताक्षणी ती पुन्हा खाली बसली. राजलक्ष्मीबाई पांढऱ्या पडल्या. शेजारचे अण्णा आयुष्यभर लोकांच्या आजारांना फुकट नावं देत आले होते. ते दारातूनच म्हणाले, "पोलिओ. असाच येतो. आमच्या प्रभादेवीच्या भाच्याला पण—"

"अण्णा, घरी जा!" राजलक्ष्मीबाई किंचाळल्या. आजवर त्यांनी अण्णांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता.

तळपदे अनवाणी धावत सुटले आणि गल्लीच्या टोकाच्या डॉक्टर मनमोहन कोठाऱ्यांना घेऊन आले. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला. तळव्याला बोट लावलं, अंगठा वळला.

"पायात काही नाही."

"मग?" तळपद्यांनी विचारलं.

डॉक्टर भिंतीकडे बघत होते. "ही रेघ कुणी ओढली?"

"संरक्षणाची व्यवस्था म्हणून..."

"पुसा. आणि हिला लवकर उठवा. भीती एकदा बसली आणि तिला फार दिवस बसू दिलं, की मग ती माझ्या हातोडीचं ऐकत नाही." कर्फ्यूची वेळ होत आली होती. डॉक्टर बॅग उचलून जवळजवळ पळतच गेले.

तळपद्यांनी ओल्या फडक्याने रेघ पुसली. भिंतीला बरीच वर्षं रंग नव्हता, त्यामुळे पांढऱ्या रेघेच्या जागी आता स्वच्छ रेघ दिसू लागली.

"हे बघ बाळ, हुकूम रद्द झाला."

"मग तुम्ही उभे राहा," उर्मिला म्हणाली. "खिडकीत."

खाली कर्फ्यूचा भोंगा वाजून गेला होता. बुटांचे आवाज सुरू झाले होते.

"उद्या राहतो हं. कर्फ्यू उठला की."

 उर्मिला भिंतीला आणखी चिकटली आणि तिने डोकं गुडघ्यांत घातलं.

"अहो," राजलक्ष्मीबाई कुजबुजल्या, "राहा ना उभे. नको, नको. राहा."

तळपदे उठले. गुडघे कडकडले. त्यांनी खिडकीचे गज धरले आणि पूर्ण उंचीने उभे राहिले. रस्त्यावर दगड पडले होते, जोडी नसलेल्या चपला पडल्या होत्या, आणि माणूस नव्हता. कोपऱ्यावरच्या पोलिसाने वर पाहिलं.

"ए! आत हो!"

जन्मात पहिल्यांदा तळपदे सरकारी हुकूम मोडत होते. आत व्हावं अशी त्यांची मनापासून इच्छा होती. पण आता ते बसले असते, तर पोर कायमची बसली असती. हातांच्या घामाने गज निसटत होते. 

"ऐकू येत नाही का? आत हो म्हणतो ना!"

मागून लेंगा ओढला गेला. "बाबा, बसा! बाबा, खाली बसा ना!"

तळपद्यांनी मान वळवली नाही, वळतच नव्हती. ओढ आधी पोटरीशी होती. मग कमरेशी आली. मग दोन गार हातांनी त्यांचा दंड धरला आणि खांद्याजवळ रडका, संतापलेला आवाज आला, "बसा म्हणते ना! वेडे आहात का तुम्ही?"

तिच्या आईने तोंडात पदर कोंबला. उर्मिला टाचा उंच करून उभी होती आणि बापाला सगळ्या ताकदीने खाली ओढत होती.

पुढच्या आठवड्यात शाळा उघडली. उर्मिला एका पायावर उड्या मारत फाटकापर्यंत गेली. पहिला तास खेळाचा होता. मैदानात पोलिसांचे तंबू होते, म्हणून बाईंनी सगळ्या मुलींना हाताची घडी घालून वर्गातच बसायला सांगितलं.