माळावरच्या पाच फेऱ्या

बसा असे, सतरंजी आत्ताच झटकलीय. हेलिकॉप्टरनं बाबाला प्रदक्षिणा घातल्याली कधी ऐकलीय का? आज सांगतो. म्या ह्या डोळ्यांनी बघितलीय. पाचशे माणसांनी बघितली, हात जोडून, अन् त्या पाचशेत म्या बी व्हतो. हे आधीच सांगून टाकतो.

म्या खाजामियाँ, परंड्याचा मंडपवाला. उरूस असो, लगीन असो, सप्ता असो, खांब माझे अन् कापड माझं. त्या भादव्यात भूमकडच्या डोंगरातल्या एका वाडीनं बोलावलं. चिमटेबाबा आले व्हते, सात दिसांचा कार्यक्रम. वाडीला सपाट जागा एकच, म्होरला माळ. बाकी कुठं उतार, कुठं घळ, कुठं विजेच्या तारा. माळभर मंडप ठोकला, वरनं झेंडे, पताका. जोरदार दिसत व्हतं.

तिसऱ्या दिशी पावसानं घाटाचा रस्ता खाली नेला. वरचे वर, खालचे खाली. अन् त्याच सकाळी वाडीतल्या बसवराजच्या बायकूला, रुद्रम्माला, मंडपातच झटके आले. आठवा महिना चालू. दोन दिस डोकं दुखतंय म्हणत व्हती, पाय सुजलेले. डोळे पांढरे, दात बसलेले, तोंडाला फेस.

बाबांनी चिमटा वाजवला अन् जाहीर केलं, देवी अंगात आलीय, कुणी हात लावू नका. आया-बाया लागल्या पाया पडायला. रुद्रम्मा तिकडं तडफडतीय अन् तिच्या कपाळावर कुंकवाचा ढीग.

वाडीच्या दवाखान्यात मदिहा सिस्टर हाय, आमच्या परंड्याचीच लेक. ती बायकांना बाजूला सारत आली. रुद्रम्माला कुशीवर केलं, दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला.

"बाबा," ती म्हणाली, "देवीचं बीपी एकशेनव्वद असतंय व्हय?"

बाबा म्हणाले, देवीचा वेग मशीनला झेपत न्हाय. लोकांनी माना हलवल्या. माझी बी हालली असंल.

मदिहानं इंजेक्शन दिलं अन् जिल्ह्याच्या दवाखान्याला फोन लावला. रस्ता न्हाय, बाई वाचवायची तर हेलिकॉप्टरच पायजे. ढगानं उशीर झाला, अकराच्या सुमाराला आवाज आला. वाडीनं इतक्या जवळनं हेलिकॉप्टर कधी बघितलंच नव्हतं. पोरं, म्हातारी, समदी माळावर धावली. ते आलं, मंडपाभवती गोल फिरलं. परत फिरलं. जरा खाली येऊन फिरलं. पाच फेऱ्या झाल्या, समद्या उजव्या अंगानं, मधी बाबांचं आसन. अन् पाचवी झाली तसं नाक वळवून निघून गेलं.

मग बाबा उठले. काय तो रुबाब. म्हणाले, "लोखंडाला कळलं देव कुठं बसलाय. पाच प्रदक्षिणा घातल्या, परवानगी घेतली अन् गेलं. आता हिला दवाखान्याची गरज न्हाय. माझं भस्म पुरं हाय."

जयजयकार झाला. बसवराज भस्माची पुडी घेऊन बायकूजवळ बसला. चांगला शिकल्याला गडी, पण घाबरल्याल्या माणसाला कुणीबी कायबी सांगावं.

मदिहा फोन कानाला लावून माझ्याकडं आली. म्हणाली, "चाचा, ते तुमच्या मंडपामुळं गेलं."

म्या म्हणलं, काय बोलतीस.

तिनं समजावलं. उतरायच्या आधी पायलट फिरून जागा बघतो, तारा कुठं, खड्डे कुठं, वारा कुणीकडनं. तो बसतो उजव्या बाजूला, म्हणून उजवीकडं वळतो. तसं वळल्यावरच खालची जमीन त्याला नीट दिसती. अन् खाली त्याला दिसलं काय? कापड, दोऱ्या, झेंडे अन् पाचशे माणसं. पंख्याच्या वाऱ्यानं एक कापड उडून पात्यात गेलं की आतले बी मेले अन् खालचे बी. तेल भरून एकदा परत येतो म्हणालाय. तवर माळ मोकळा पायजे.

म्या उभ्या हयातीत चालू कार्यक्रमातला मंडप उतरवला नव्हता. धंद्याची लाज असती ओ. त्यात म्या मुसलमान, कापड बाबांच्या डोस्क्यावरलं. हात लावला तर लोक काय म्हणतील, ह्या भीतीनं म्या तितंच उभा राहिलो. किती येळ, ते विचारू नका.

मग रुद्रम्माला दुसरा झटका आला. जीभ चावली, भस्मावर रक्त सांडलं. बसवराज उठला. माझ्या पेटीतला कोयता घेतला अन् पहिला दोर कापला. दुसऱ्या दोराला म्या व्हतो.

लोक आरडले. बाबा म्हणाले, वाडीचा नाश व्हईल. बसवराज येवढंच म्हणाला, "माझं घर तर आत्ताच चाललंय, बाबा."

एक म्हातारा खांब उपटाय आला, मग धा आले. बाबांचं आसन उचलून पार शाळंच्या व्हरांड्यात नेलं. मोकळ्या माळावर म्या चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं मोठी फुली आखली, मंडपाची आखणी करतो तशी. कडंला वल्ल्या कडब्याचा धूर केला, पायलटला वारा दिसावा म्हणून.

सव्वा वाजता हेलिकॉप्टर आलं. अन् पुन्हा फिराय लागलं, उजव्या अंगानं, एक, दोन, तीन. मधी बाबा न्हाय, आसन न्हाय, चिमटा न्हाय. नुसती फक्की. पाचशे माणसं शाळंपाशी उभी राहून बघत व्हती.

मदिहा वळून म्हणाली, "आता सांगा, ह्या प्रदक्षिणा कुणाला?"

बाबा म्हणाले, "त्या जागी म्या काल भस्म टाकलं व्हतं." तवा मातूर म्या बोललो, "बाबा, फक्की परंड्याच्या दुकानातली हाय, अन् फुली ह्या हातानं मारलीय." मागं कुणीतरी हासलं. हेलिकॉप्टर फुलीवर उतरलं.

रुद्रम्मा वाचली. पोटातली पोरगी न्हाय वाचली. बसवराजनं जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारलं, आधी आणली असती तर? डॉक्टर म्हणाला, सांगता येत न्हाय, पण दोन तास लई असतेत. ते दोन तास माझ्या कापडाखाली गेले. बसवराज मला कधी कायबी बोलला न्हाय. भेटला की चाचा म्हणतो, चहा पाजतो. म्या अर्धा कप तसाच ठेवून उठतो.

चिमटेबाबा? रस्ता झाल्याबरूबर गेले. दुसरीकडं कुठं तरी बसले असतील.

तुमच्याकडं एकच मागणं हाय. गरभार बाईला झटके आले तर कुंकू आणू नका, सिस्टरला आणा. अन् गावावर कधी हेलिकॉप्टर गोल फिराय लागलं, तर हात जोडून बघत बसू नका. खाली कुणाचा तरी जीव चाललाय अन् त्याला उतराय जागा घावंना, म्हणून ते फिरतंय. तेवढी जागा मोकळी करून द्या.