फिल्टरमधलं नाव

धम्मपालने नव्या लॅपटॉपवर नुसत्या अक्षरांची काळी खिडकी उघडली, चर्चागटाचे मेल पुढ्यात घेतले आणि त्याचा हात कीबोर्डवरच थांबला. वरपासून खालपर्यंत विश्वजीतचे मेल होते.

"विशाखा, हे कुठून आले?"

"जुन्या मशीनमध्येच होते, बाबा. मी सगळं इकडं आणलं, फक्त तुमची फिल्टरची फाइल राहिली."

त्या फिल्टरमध्ये नाव एकच होतं, विश्वजीतचं. ज्याचं नाव तिथे घालावं त्याचे मेल आपल्याला दिसत नाहीत, आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माउसला न शिवता नुसत्या अक्षरांत मेल वाचणारी चर्चागटातली ही मूठभर हटवादी मंडळी भांडतातही अशीच, आवाज न करता. काळ्या खिडकीत मराठी जोडाक्षरं धड दिसावीत म्हणून धम्मपाल आणि विश्वजीतने मिळून एक प्रोग्राम केला होता. शेंद्र्याच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून त्यातला बराचसा लिहिला धम्मपालने. पुण्याच्या परिषदेत तो झळकला मात्र एकट्या विश्वजीतच्या नावावर. त्याच संध्याकाळी धम्मपालने मित्राला फिल्टरमध्ये घातलं, आणि तेव्हापासून मुकुंदवाडीत भेटेल त्याला तो या चोरीची गोष्ट ऐकवत आला होता.

विशाखा मोठ्याने वाचू लागली.

"'परिषदेवाल्यांनी तुझं नाव गाळलं, मी भांडलो त्यांच्याशी. फोन उचलत नाहीस म्हणून इथं लिहितोय. प्रोग्रामवर पहिलं नाव तुझंच घालतो, फक्त हो म्हण.'" ती खाली सरकत गेली. "पुढं सगळीकडं हेच विचारलंय. आणि हा शेवटचा. 'धम्मपाल उत्तर देत नाही. त्याला नाव नकोच असावं. काढून टाकतोय.'"

धम्मपाल एकेका मेलपुढे खोडण्याची खूण करू लागला.

"काय करताय, बाबा? हाच पुरावा आहे. आत्ता लिहा त्यांना, नाव परत येईल."

"समद्यांना सांगितलं मी, त्यो चोर हाय म्हून. तुझ्या आईलाबी. आता त्यो चोर नाय म्हनलं, तर मंग मी कोन?"



त्याने खिडकी बंद करायला घेतली तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, खूण केलेले मेल कायमचे पुसायचे का. विशाखाने 'नाही' दाबायला हात पुढे केला. धम्मपालने तो हळूच बाजूला सारला आणि 'हो' दाबलं.