आईचा शेवटचा संशयित

वाचनालयाने दोनदा आठवण करून दिली होती. आईने नेलेलं शेवटचं पुस्तक परत करायचं राहिलं होतं. त्यात एक बेकरी, गावभर विक्षिप्त माणसं आणि केकस्पर्धेच्या दिवशी केकमध्येच तोंड खुपसून मेलेला खडूस परीक्षक. असली पुस्तकं लेकीने कधी हातात धरली नव्हती. ती मुद्रितशोधक, जाडजूड ग्रंथांत बुडालेली. "तुझ्या पुस्तकांत माणसं चारशे पानं उदास बसतात," आई म्हणायची. "माझ्या पुस्तकांत खून पडला तरी कुणी जेवण चुकवत नाही."

आईचा शिरस्ता ठरलेला. पुस्तक अर्धं झालं की खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायची, आणि शेवटचं पान वाचल्यावरच उघडायची. अंदाज कधी चुकला नव्हता. या पुस्तकाचीही चिठ्ठी डब्यात होती. शेवट तेवढा आईला गाठता आला नव्हता.

"उघड की आता," मावशी म्हणाली.

"आधी पुस्तक संपवते. नियम आहे."

"अगदी आईवर गेलीस. तीही अशीच छळायची."

दोन दुपारी लागल्या. आई गेल्यापासून लेकीने शेवटपर्यंत वाचलेलं हे पहिलंच काही. मध्ये दोनदा हसूही आलं. खुनी निघाला पोस्टमास्तर.

मग तिने चिठ्ठी उलगडली.

'बेकरीवालीची नणंद. म्हणे दहाला केक भट्टीतून काढला आणि सव्वादहाला लोणी-साखरेचा थर देऊन मोकळी. थापा नुसत्या. तेवढ्या वेळात कुठे गेली होती?'

मावशी चष्मा पुसत बसली. "चुकली म्हणायची शेवटी."

लेकीला ते पटेना. पुस्तकाच्या मागे केकची कृती दिलेली होती. तिने ती नीट दोनदा वाचली.

"मावशी, लोणी बाहेर काढून ठेव. आणि घड्याळ समोर आण."

कृतीत होतं तसंच सगळं केलं, चमचाभरही इकडेतिकडे नाही. केक ओव्हनमधून काढला. पंधरा मिनिटं मोजली. मग लेकीने सुरीने थर पसरला. क्षणभर तो जागेवर राहिला, मग चकाकला, वितळला आणि चारही बाजूंनी ओघळून ताटलीत जमला.

मावशीने बोट लावून चाटलं. "बाई खोटं बोलतेय."

"आणि लेखिका?"

"तिला घरी कुणी ओट्यापाशी फिरकू देत नसणार."

दोघींनी तो बसका केक चमच्यांनी खाल्ला. चव मात्र फक्कड होती. लेकीने चिठ्ठीवर 'बरोबर' लिहिलं आणि ती डब्यात आधीच्या चिठ्ठ्यांवर ठेवली.

वाचनालयाच्या पुस्तकात खूण करणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. तरी तिने शिसपेन्सिलीला टोक केलं, शेवटचं पान उघडलं आणि कामावर लिहायची तशा बारीक अक्षरात समासात लिहिलं: 'पोस्टमास्तर निर्दोष. केक करून पाहिला.'