तलावाकडे पाठ

आश्विनात शिंगाडे तोडताना बायाबाईचा डोंगा उलटला. वेलीत पाय गुंतून ती पाण्याखाली राहिली. दीर धनीरामनं केस धरून वर ओढलं म्हणून वाचली. पण तेव्हापासून आसगावचा तलाव तिनं टाकलाच. बाजाराला जातानाही तलावाच्या बांधावरची, पाळीवरची वाट सोडून शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं लांबून वळसा घाली. घरात तर बूड टेकत नसे. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत.

संक्रांतीला मुलगी खुशबू नागपूरहून आली. ती तिथं प्रयोगशाळेत संशोधन करायची.

"माय, आमच्या उंदरांचं असंच होते," ती म्हणाली. "भेदरला का उजेडात येतच नाही. मेंदू स्वतःच जीव शांत करणारं एक द्रव्य बनवते. लय ताण पडला का ते कमी होते. आम्ही ते बाहेरून देतो. न्यूरोस्टेरॉइड."

"स्टेरॉइड? गुडघ्यात टोचते ते?"

"ते वेगळं."

"मंग, निंगते उंदीर बाहेर?"

"बरेच निंगतात."

बायाबाई येरझारा थांबवून समोर उभी राहिली. "मंग मले काहून नाही देत?"

"तुह्यासारख्या दुखण्यासाठी अजून तपासूनच राहिले. किती द्यायचं, आदत लागते का, पक्कं कोणालेच ठाऊक नाही."

"उंदराले देतेस. मायले नाही!"

खुशबू परतली, पण ते वाक्य तिला कामात बसू देईना. एका दुपारी प्रयोगशाळेत कोणी नसताना तिनं फ्रिज उघडला. त्या द्रव्याची कुपी हातात घेतली. बोटं गार पडली. आईला काही झालं तर? तिनं कुपी जागेवर ठेवली आणि तिथूनच फोन लावला. "माय, शनिवारी भंडाऱ्याले ये. मानसिक आजाराच्या डॉक्टरीणबाई हायेत."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रोज तलावाच्या थोडं जवळ जायचं. घाबरलं तरी लगेच पळायचं नाही.

"असं चालल्यानं भेव जाते का?" बायाबाई चिडली. तरी दुसऱ्या दिवशी धनीरामसोबत निघाली. वाटेवरच्या आंब्यापर्यंत गेली आणि घामाघूम होऊन परतली. आठ दिवसांनी पाळीच्या पायथ्याशी. मध्ये दोनदा अर्ध्यातून पळाली, खुशबूवर फोनवर ओरडली.

चैत्रात ती पाळीवर चढली. पाणी दिसताच दोन पावलं मागे सरली. "चाल, वहिनी, घरी," धनीराम म्हणाला.

"थांबा जी." तिनं उतरून घोटाभर पाण्यात पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

पुढच्या हंगामात ती डोंग्यात बसली नाही. धनीराम शिंगाडे तोडून आणी, आणि ती काठावर बसून निवडी. मन अजून पुरतं थाऱ्यावर नव्हतं, पण हात चालू होते.